तापवलेल्या मिठाच्या स्फटिकाची वाहकता मोजताना: ०.८ आणि १.९ यांतला फरक कुठून येतो?

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. सोडियम क्लोराइडचा एक मिलिमीटर जाडीचा स्फटिक घेतला, दोन्ही बाजूंना चांदीचा लेप लावला, भट्टीत २५० ते ५०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवला आणि १० व्होल्ट डीसी देऊन प्रवाह मोजला. अडचणी तीन आल्या. व्होल्टेज दिल्यावर प्रवाह उतरतच जातो, मग नोंदवायचा कुठला? तापतानाची आणि निवतानाची रेषा एकमेकींवर बसत नाहीत. आणि वाहकता-तापमान आलेखाच्या उतारावरून सक्रियण ऊर्जा (आयन हलायला लागणारी ऊर्जा) ०.८ इलेक्ट्रॉनव्होल्टच्या आसपास येते, पुस्तकात मात्र १.९ च्या जवळपास दिलेली आहे. स्फटिक खराब आहे का?

स्फटिक बहुधा ठणठणीत आहे. तिसऱ्या अडचणीपासून सुरुवात करते, कारण तिचं उत्तर कळलं की बाकीच्या दोन्हींकडे बघायची नजर बदलते.

मिठात वीज इलेक्ट्रॉन वाहून नेत नाहीत. त्याची ऊर्जादरी (इलेक्ट्रॉन मोकळा करायला लागणारी ऊर्जा) ८ इलेक्ट्रॉनव्होल्टहून मोठी आहे, म्हणजे ७०० अंशांलाही इलेक्ट्रॉन जागचे हलत नाहीत. हलतात ते सोडियमचे आयन, आणि तेही शेजारची जागा रिकामी असेल तरच. जाळीतला आयन आपली जागा सोडून फटीत जाऊन बसू शकतो, हे फ्रेंकेलने १९२६ मध्ये मांडलं. शॉट्की आणि वॅग्नर यांनी १९३० मध्ये अशा दोषांचा ऊष्मागतिकीय हिशोब उभा केला. सोडियम क्लोराइडमध्ये चालतो तो शॉट्कीच्या नावाने ओळखला जाणारा प्रकार: सोडियमची एक जागा आणि क्लोरीनची एक जागा, जोडीने रिकाम्या होतात. सिल्व्हर क्लोराइड आणि सिल्व्हर ब्रोमाइडमध्ये मात्र फ्रेंकेलचा प्रकार, तिथे चांदीचा आयन फटीत शिरतो.

आता वाहकता दोन गोष्टींवर ठरते: रिकाम्या जागा किती, आणि त्या किती चटकन सरकतात. सरकण्याची किंमत सोडियम क्लोराइडमध्ये ०.७ इलेक्ट्रॉनव्होल्टच्या आसपास आहे. जागांची जोडी तयार करण्याची किंमत सुमारे २.४, आणि ती दोन जागांत वाटली जात असल्याने उतारात तिचा निम्मा भाग, म्हणजे १.२ येतो. ०.७ आणि १.२ मिळून १.९. पुस्तकातला आकडा हाच. पण तो तेव्हाच दिसतो जेव्हा रिकाम्या जागा उष्णतेने तयार झालेल्या असतात.

तुमच्या स्फटिकात ५०० अंशांच्या खाली तसं नसतं. कितीही शुद्ध म्हणून विकत घेतलेला स्फटिक असला तरी त्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम, स्ट्रॉन्शियम असे दुहेरी धनभाराचे आयन दहा लाखांत एक-दोन तरी असतातच. असा प्रत्येक आयन सोडियमच्या जागी बसला की भार जुळावा म्हणून सोडियमची आणखी एक जागा रिकामी राहते. या जागा अशुद्धीने दिलेल्या, तापमानाने नव्हे. त्या ठरलेल्याच असल्याने उतारात फक्त सरकण्याची किंमत उरते: ०.७. त्यात आणखी एक भर पडते. दुहेरी भाराचा आयन आणि रिकामी जागा एकमेकांना धरून बसतात, तापमान खाली येईल तसे अधिकच. जोडीत अडकलेली जागा वाहतुकीच्या कामाची नाही, तिला सोडवायला ऊर्जा लागते, आणि म्हणून उतार ०.७ वरून ०.८, ०.९ कडे सरकतो. तुमचा ०.८ इथून आला आहे.

०.८ च्या आणि १.९ च्या उताराच्या रेषा कुठे मिळतात, म्हणजे आलेखातली वाकण कुठे पडते, हे अशुद्धी ठरवते. ढोबळ हिशोब केला तर दहा लाखांत एक भाग अशुद्धीला वाकण ४८० अंशांच्या आसपास येते, आणि दहा भागांना ५९० च्या आसपास. तुमचं मोजमाप ५०० ला थांबलं. बाजारात मिळणारा स्फटिक असेल तर १.९ चा प्रदेश अजून सुरूच झालेला नव्हता. ६०० ते ७०० अंशांत मोजल्याशिवाय तो दिसणार नाही.

इथेच एक हिशोबाची गोष्ट. आलेख वाहकतेचा नको, वाहकता गुणिले केल्विनमधलं तापमान यांच्या लॉगॅरिदमचा काढा. नुसत्या वाहकतेचा काढला तर ऊर्जा ०.०५ ते ०.०८ ने कमी येते. आणि लॉगॅरिदम दहाच्या पायाचा, आडव्या अक्षावर १००० भागिले तापमान, असा आलेख असेल तर उताराला ०.१९८४ ने गुणल्यावर इलेक्ट्रॉनव्होल्ट मिळतात. पायाची गल्लत झाली की उत्तर २.३ पटीने चुकतं.

आता उतरणारा प्रवाह. डीसी दिल्यावर सोडियमचे आयन ऋण इलेक्ट्रोडकडे निघतात. इलेक्ट्रोड त्यांना आत घेत नाही, ते तिथेच साचतात, उलटं व्होल्टेज उभं राहतं आणि प्रवाह बसत जातो. पहिल्या सेकंदाला घेतलेला आकडा, दहाव्या सेकंदाचा, मिनिटाचा, यांतला कुठलाही स्फटिकाचा नाही. प्रत्येक आकड्यात स्फटिक आणि साचलेला भार दोन्ही मिसळलेले आहेत, आणि प्रमाण तापमानासोबत बदलतं. चांदीने प्रकरण आणखी बिघडतं. धन बाजूला चांदी स्वतः आयन होऊन मिठात शिरते आणि सोडियमच्या जागी बसते. म्हणजे प्रत्येक वेळी डीसी दिलं की तुम्ही स्फटिक थोडा थोडा बदलत होतात.

जास्त डीसी, जास्त तापमान असं केलं तर एक सुंदर दृश्य दिसतं, ते एकदा तरी मुद्दाम पाहावं. टोकदार ऋण इलेक्ट्रोड लावलेल्या गरम पोटॅशियम क्लोराइडमध्ये टोकापासून जांभळा ढग पसरत आत येतो; सोडियम क्लोराइडमध्ये तो पिवळसर असतो. हे रंगकेंद्रांचे इलेक्ट्रॉन, ऋणायनाच्या रिकाम्या जागेत अडकलेले. जर्मनीत गॉटिंगेनला भौतिकशास्त्रज्ञ पोल यांच्या प्रयोगशाळेत यावर फार मोठं काम झालं. पण वाहकता मोजताना असा रंग दिसला तर समजा की आता इलेक्ट्रॉनही वाहत आहेत आणि तो स्फटिक पुढच्या मोजमापाला चालणार नाही.

उपाय एसीचा, आणि तोही एकाच वारंवारतेवर नव्हे. इम्पीडन्सचं (एसीला होणाऱ्या एकूण विरोधाचं) उपकरण काही हर्ट्झपासून एक मेगाहर्ट्झपर्यंत फिरवा आणि वास्तव भाग आडवा, काल्पनिक भाग उणे करून उभा असा आलेख काढा. स्फटिकाचा रोध आणि त्याची स्वतःची धारकता मिळून एक अर्धवर्तुळ देतात. कमी वारंवारतेच्या टोकाला इलेक्ट्रोडची तिरकी शेपटी निघते. अर्धवर्तुळ जिथे आडव्या अक्षाला टेकतं आणि शेपटी सुरू होते, तो बिंदू म्हणजे स्फटिकाचा रोध. डीसीत जे एकत्र कालवलं गेलं होतं ते इथे डोळ्यांसमोर वेगळं होतं.

आकडे मनात असू द्या, म्हणजे काय दिसायला हवं ते आधीच कळतं. एक चौरस सेंटिमीटर क्षेत्रफळ, एक मिलिमीटर जाडी, मिठाचा परावैद्युतांक सुमारे ५.९: धारकता येते ५ पिकोफॅरड. ३०० अंशांना अशा तुकड्याचा रोध १ कोटी ओहमच्या घरात असतो, म्हणून अर्धवर्तुळाचा माथा ३ किलोहर्ट्झच्या आसपास पडतो, छान मधोमध. ७०० अंशांना रोध दीड-दोन हजार ओहमवर येतो आणि माथा १६ मेगाहर्ट्झच्या आसपास पळतो. तिथे अर्धवर्तुळ दिसणारच नाही, फक्त शेपटी दिसेल. घाबरू नका, शेपटीचा वरच्या वारंवारतेकडचा पाय आडव्या अक्षाला जिथे टेकतो तोच आकडा घ्या.

५ पिकोफॅरड ही किती लहान गोष्ट आहे याचा अंदाज नसला की इथेच फसगत होते. नेहमीच्या समाक्ष केबलची धारकता मीटरला सुमारे १०० पिकोफॅरड असते. म्हणजे एक मीटर केबल स्फटिकाच्या वीस पट. शिल्ड दोन्ही लीडना शेवटपर्यंत, थेट होल्डरच्या जवळपर्यंत न्या आणि शिल्ड उपकरणाच्या गार्डला (गळणारा प्रवाह मोजमापातून वगळणाऱ्या टोकाला) जोडा. हे न करता काढलेलं अर्धवर्तुळ केबलचं असतं. ओळखायची खूण सोपी: अर्धवर्तुळावरून धारकता काढा. ५ ते १० पिकोफॅरड आली तर स्फटिक, शंभर आली तर केबल.

एसीचं व्होल्टेज किती ठेवायचं यावर पुष्कळ जण अडतात. ५० ते १०० मिलिव्होल्टनी सुरुवात करा. कमी तापमानाला रोध फार मोठा असतो आणि गोंगाटात आकडा हरवतो, तेव्हा अर्धा-एक व्होल्ट दिलं तरी चालतं, कारण एक मिलिमीटर जाडीवर एवढं क्षेत्र स्फटिकाच्या दृष्टीने किरकोळ आहे. दोन वेगवेगळ्या व्होल्टेजना अर्धवर्तुळ तेच आणि शेपटी बदललेली, असं दिसलं तर तुम्ही योग्य भाग वाचत आहात.

इलेक्ट्रोडला चांदी नको, हे सांगितलंच. सगळ्यात निर्धोक म्हणजे स्पटरिंगने (निर्वातात धातूचे अणू उडवून) बसवलेला प्लॅटिनमचा पातळ थर आणि त्यावर स्प्रिंगच्या दाबाने टेकवलेली प्लॅटिनमची पत्री. ग्रॅफाइटही चांगलं, पण पाण्यात कालवलेलं ग्रॅफाइट मिठावर लावू नका. पाणी पृष्ठभाग विरघळवतं आणि सुकताना कडेवर मिठाचा पातळ थर सोडून जातं. अल्कोहोलमध्ये कालवलेलं घ्या, आणि हवेत ४०० अंशांच्या पुढे ते जळायला लागतं म्हणून आर्गॉन किंवा कोरड्या नायट्रोजनमध्ये काम करा.

स्फटिक तोडण्याबद्दल चार शब्द जास्त बोलते, कारण अर्धी मेहनत इथे वाचते. करवतीने कापून घासलेल्या पृष्ठभागापेक्षा फोडलेला पृष्ठभाग कितीतरी चांगला. मीठ घनाच्या बाजूंना समांतर फुटतं. पातळ धारदार पातं बरोबर त्या बाजूला समांतर ठेवायचं, हातोडीचा एकच हलका, नेमका ठोका द्यायचा. बरोबर बसला तर बारीकसा टक आवाज होतो आणि दोन तुकडे आरशासारखे बाजूला पडतात. दोन-तीन ठोके लागले, तर आत पायऱ्या आणि चिरा पडलेल्या असतात. तो तुकडा बाजूला ठेवा. बोट लावू नका. बोटाच्या ओलीने पृष्ठभागावर ठसा उठतो, आणि तिरप्या उजेडात धरला तर तो काचेवरच्या वाफेसारखा पुसट दिसतो. चिमट्याने कडा धरूनच होल्डरमध्ये बसवा. मीठ गरम होताना बऱ्यापैकी फुगतं, दर अंशाला लाखात चार भाग, म्हणून मिनिटाला एक-दोन अंशांपेक्षा वेगाने तापवू-निववू नका, नाहीतर तडा जातो. तडा गेलेला स्फटिक कधीकधी बाहेरून धड दिसतो आणि आकडा मात्र एका पायरीने बदलतो.

दुसऱ्या अडचणीकडे येते, तापतानाच्या आणि निवतानाच्या रेषांकडे. पहिल्या तापवण्यात बऱ्याच गोष्टी एकदमच घडतात. पृष्ठभागावरची ओल उडते. इलेक्ट्रोड नीट चिकटतो. फोडताना पडलेले जाळीतले ताण सैल होतात. साठवणीत गोळा होऊन बसलेली अशुद्धी पुन्हा विरघळते आणि मोकळ्या जागा वाढतात. म्हणून पहिली तापती रेषा मी कधीच वापरत नाही. कोरड्या वायूत ६५० अंशांना काही तास ठेवून द्यायचं, मग हळूहळू निववत मोजायचं, आणि पुन्हा तापवत पडताळायचं. दुसऱ्या फेरीपासून दोन्ही रेषा जुळल्या पाहिजेत. ३०० च्या खाली थोडं अंतर तरीही राहतं, कारण अशुद्धी पुन्हा गोळा व्हायला तासन् तास, दिवस लागतात. तो स्फटिकाचाच स्वभाव आहे, तो दोष समजून पुसून टाकू नका. निवण्याचा वेग मात्र नोंदवहीत लिहा. दमट हवेत तापवलं असेल तर वेगळी गोष्ट. गरम मिठावर पाण्याची वाफ आली की हायड्रॉक्साइड आत शिरतं, ते दुहेरी भाराच्या आयनांना अडकवतं, आणि दर फेरीला वाहकता बदलत जाते. अशा रेषा कधीच जुळत नाहीत.

होल्डरकडे कोणी बघत नाही. माझ्याकडे एकदा दोन-तीन महिने ३०० च्या खालचे आकडे दर आठवड्याला थोडे वर सरकत होते. स्फटिक बदलले, इलेक्ट्रोड बदलले, तेच. शेवटी स्फटिक काढून नुसता रिकामा होल्डर मोजला. १ कोटी ओहमपेक्षा थोडा जास्त, जिथे तो मोजता येऊ नये इतका मोठा असायला हवा होता. नळी बाहेर काढली तेव्हा थंड टोकाला, बरोबर दोन्ही तारा ज्या सिरॅमिकमधून जातात तिथे, पांढरी पुसट साय धरलेली होती. आधीच्या सगळ्या प्रयोगांत उडालेलं मीठ तिथे येऊन बसलं होतं. गरम असताना ते फारसं वाहत नव्हतं. पण गार टोकाला दमट हवेत पाणी ओढून घेत होतं. मीठ ७५ टक्के सापेक्ष आर्द्रतेला विरघळायला लागतं हे मला माहीत होतं, ते माझ्याच भट्टीत घडतंय हे सुचलं नव्हतं. तेव्हापासून प्रत्येक मालिकेच्या आधी रिकाम्या होल्डरचं पूर्ण तापमानाचं मोजमाप, आणि दोन्ही लीड वेगवेगळ्या नळ्यांतून. तुम्ही हे आजच करा, बाकी काहीही करण्याआधी. रिकाम्या होल्डरचा रोध स्फटिकाच्या किमान शंभर पट नसेल, तर त्या तापमानाचा आकडा धरू नका. मोठ्या स्फटिकावर इलेक्ट्रोडभोवती गार्डची कडी लावली तर पृष्ठभागावरून जाणारा प्रवाहही बाजूला निघतो.

तापमान स्फटिकाचं मोजा, भट्टीचं नाही. थर्मोकपलचं (तापमान मोजणाऱ्या तारांच्या जोडीचं) टोक इलेक्ट्रोडपासून दोन-तीन मिलिमीटरवर हवं. १.९ इलेक्ट्रॉनव्होल्टच्या प्रदेशात, ६७५ अंशांच्या आसपास, एका अंशाच्या चुकीने वाहकता सुमारे अडीच टक्क्यांनी चुकते. पाच अंशांची चूक म्हणजे १२ टक्के. प्रत्येक टप्प्यावर अर्धा तास थांबा, पाच मिनिटांच्या अंतराने घेतलेले दोन आकडे एका टक्क्यात जुळले की पुढे जा. भट्टीच्या तारेतून ५० हर्ट्झचा गोंगाट येतो, त्यासाठी भट्टीच्या आत जमिनीला जोडलेलं निकेलचं किंवा प्लॅटिनमचं नळकांडं ठेवा, आणि मेन्सच्या वारंवारतेच्या पटीतले बिंदू टाळा.

स्फटिकाचाच आकडा मिळतोय याची खात्री कशी करायची? जाडी बदला. एक आणि दोन मिलिमीटरचे तुकडे एकाच ठोकळ्यातून घ्या. रोध दुप्पट झाला तर ठीक, तेवढाच राहिला तर तुम्ही इलेक्ट्रोड मोजत आहात. यापेक्षा पक्की आणि मला सगळ्यात आवडणारी कसोटी म्हणजे मुद्दाम अशुद्धी घालणं. कॉख आणि वॅग्नर यांनी १९३७ मध्ये सिल्व्हर क्लोराइडमध्ये कॅडमियम क्लोराइड मिसळून, आणि एटझेल व माउरर यांनी १९५० मध्ये सोडियम क्लोराइडमध्ये तेच करून दाखवलं, की दुहेरी भाराचा आयन घातल्याने वाहकता किती आणि कशी वाढते. तुम्ही स्ट्रॉन्शियम क्लोराइड घालून वाढवलेला स्फटिक मिळवा. वरच्या तापमानाची रेषा शुद्ध स्फटिकाच्या रेषेला येऊन मिळाली, खालची उचलली गेली आणि वाकण उजवीकडून डावीकडे, म्हणजे जास्त तापमानाकडे सरकली, तर रिकाम्या जागांचं सगळं गणित तुमच्या कागदावर उतरलं.

चार टोकांनी (दोन प्रवाहाची, दोन व्होल्टेजची) मोजावं का, असंही काही जण विचारतात. इथे नको. १ कोटी ओहमच्या स्फटिकापुढे लीडचा अर्धा ओहम काहीच नाही, उलट व्होल्टेजच्या टोकांचा उपकरणातला रोधच आडवा येतो. चार टोकं लागतात ती सिल्व्हर आयोडाइडसारख्या पदार्थांना. टुबांट आणि लोरेंत्स यांनी १९१४ मध्ये दाखवलं की १४७ अंशांच्या वर ते जवळजवळ वितळलेल्या मिठासारखं वाहतं. तुमच्याच मापाचा तुकडा तिथे ०.१ ओहमपेक्षाही कमी रोध देईल आणि लीडच सगळा आकडा खाऊन टाकतील.

६०० च्या वर जाताना निर्वात नळी वापरू नका. मीठ थेट उडतं, तुकडा पातळ होतो आणि कडा गोल होतात. आर्गॉनचा एक वातावरणाचा दाब ठेवला तर हे खूप कमी होतं, तरी मोजून झाल्यावर जाडी पुन्हा तपासा. ८०१ ला मीठ वितळतं. ७२०-७३० च्या पुढे रेषा सरळ राहत नाही, किंचित वर वळते, कारण क्लोराइडच्या रिकाम्या जागाही आता वाहतुकीत हातभार लावतात आणि दोषांची आपसातली ओढ जाणवू लागते. तो वळलेला भाग उताराच्या हिशोबात धरला तर १.९ च्या जागी २.१ सुद्धा येऊ शकतं. तुमच्या पहिल्या सरळ रेषेसाठी ६२० ते ७१० या पट्ट्यातले दहा-बारा बिंदू घ्या, निवतानाचे.